पुनवसूचं चीवर

“पण का नाही, भन्ते? जायची परवानगी मागितली, त्यात माझं काय चुकलं?”

इसिपालित थेर लेण्याच्या ओसरीत बसून भिक्षापात्र पुसत होते. लेण्यातले ते सर्वांत वडील भिक्खू. सत्तरी ओलांडलेली, कानानं थोडे मंद. निदान ऐकायचं नसलं की मंद.

“कुठं जातोस?”

“घाटाखालच्या विहारात,” धनमित्र म्हणाला. “तिथं पाठ सांगणारं कुणी नाही म्हणतात.”

“बरं. कधी?”

“आत्ता. ऊन चढायच्या आत.”

थेरांनी पात्र उलटं करून उन्हात ठेवलं.

“आज चीवर शिवायचंय,” ते म्हणाले.

ते ठाऊक होतं म्हणूनच तर धनमित्राला निघायची घाई होती.

पावसाळ्यात एका जागी राहायचे ते वर्षावासाचे तीन महिने संपले की खोऱ्यातली माणसं लेण्यावर कापडाचं एक थान घेऊन येत. एकच. संघानं ते एका भिक्खूला द्यायचं आणि बाकी सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून त्याच्यासाठी चीवर करायचं. दुसरा दिवस उजाडायच्या आत झालं तर झालं, नाहीतर सगळं वाया. शेवटी प्रत्येकानं त्या चीवराला हात लावून म्हणायचं, ‘मी अनुमोदन करतो.’ म्हणजे, तुला मिळालं याचा मला आनंद आहे.

यंदा ते पुनवसूला मिळणार होतं.

धनमित्र पैठणच्या कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. लेण्यात त्याचे बारा वर्षावास झाले होते. पाठ असा चोख की एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. पुनवसू खोऱ्यातल्या कुंभाराचा, येऊन पाच वर्षं झालेली. गाथा म्हणताना तो मधेच अडकायचा, मग स्वतःच हसायचा, आणि ऐकणारेही हसायचे. तरी दर पुनवेला माणसं डोंगर चढून यायची ती पुनवसूला ऐकायला. धनमित्र बोलायला बसला की बायकांना घरची गुरं आठवायची.

आठ दिवसांपूर्वीच सभेत थेरांनी पुनवसूचं नाव घेतलं होतं. “ज्याला मान्य नसेल त्यानं बोलावं,” असं म्हटलं. संघात गप्प राहिलं की होकार धरतात. धनमित्र गप्प राहिला. मनात मात्र होकार नव्हता.

खरं तर त्याला चीवराची गरज नव्हती. त्याचं चांगलं धड होतं. पुनवसूचं इतकं विरलं होतं की पाठमोरा उभा राहिला तर पाठीची हाडं मोजावीत. धनमित्राला हवं होतं ते सभेत घेतलेलं नाव.

“मत्सर वाटतो का?” थेरांनी विचारलं. जेवलास का, असं विचारावं तसं.

“वाटत होता, भन्ते. आता नाही.”

“गेला?”

“सात दिवस ध्यानाला बसलो. पुनवसूला डोळ्यांसमोर आणलं. त्याचं भलं होवो, म्हटलं. पहिले तीन दिवस छातीत जळत होतं. मग हळूहळू निवलं. आता त्याच्याकडे पाहिलं तरी काही वाटत नाही. समोरच्या त्या दगडाकडे पाहावं, तसं. चित्त सम झालं.”

हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली होती.

“पुनवसूचा दगड केलास?”

थेरांनी डोळे बारीक करून त्या दगडाकडे पाहिलं.

“सात दिवसांत? आम्हाला एक खांब कोरायला वर्ष लागतं.”

धनमित्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“आणि चित्त सम झालंय,” थेर म्हणाले, “तर उद्या निघ की. आजचीच एवढी घाई कसली?”

धनमित्रानं नजर वळवली. खाली कढईजवळ पुनवसू फणसाच्या लाकडाच्या ढलप्या काढत होता. रंगासाठी त्या उकळायच्या होत्या; हे काम दरवर्षी त्याच्याकडेच असे. काढता काढता काहीतरी गुणगुणत होता, तेही बेसूर.

“मला ते म्हणवत नाही, भन्ते,” धनमित्र शेवटी म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. “अनुमोदन. सगळ्यांसमोर त्याच्या चीवराला हात लावून… जीभच वळत नाही. इथं राहिलो तर खोटं बोलेन. बारा वर्षांत मी खोटं बोललो नाही.”

थेरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“हां,” ते म्हणाले. “जा, सुई घे.”

“आणि परवानगी?”

“सुई घे.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा धनमित्र सुई घेऊन बसला. मान खाली, ओठ घट्ट.

भिक्खूंचं चीवर सलग कापडाचं नसतं. तुकडे करून ते असे जोडतात की पसरलं म्हणजे भाताची खाचरं आणि मधले बांध दिसावेत. शिवणीत धनमित्राचा हात लेण्यात कुणी धरू शकत नसे. लहानपण कापडाच्या दुकानात गेलेलं. म्हणून मधले लांब बांध नेहमी त्याच्याकडेच येत.

पहिला बांध त्यानं सैल घातला.

मुद्दाम. टाके लांब लांब, दोरा ओढून न घेता. दोन धुण्यांत उसवेल असा. कुणाला कळणार नव्हतं. पुनवसूला तर मुळीच नाही.

दोन हात लांबीपर्यंत तसंच गेलं. मग त्यानं ते मांडीवर पसरून पाहिलं, आणि पाहवेना. इतकी गबाळी शिवण त्यानं आयुष्यात घातली नव्हती. मत्सर असला म्हणून काय झालं, हाताला स्वतःची लाज असते. चरफडत त्यानं सगळा दोरा उसवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी टाका बारीक आला. पुढचा त्याहून बारीक. एका ठिकाणी कापडाचा धागा तिरका होता, तिथं त्यानं बांध जरासा वळवून घेतला. कोपऱ्याशी दुहेरी टीप दिली. ऊन ओसरीतून आत सरकलं, शेजारचे भिक्खू जेवून आले, कुणीतरी त्याच्यापुढेही घास आणून ठेवला. तो त्यानं खाल्ला असावा.

“कुणासाठी शिवतोयस?”

थेर शेजारी उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

धनमित्रानं वर पाहिलं. तोंड उघडलं… आणि नाव चटकन आठवेना.

मग आठवलं. त्याबरोबर छातीतली जळजळही परत आली.

“पुनवसूसाठी,” तो म्हणाला.

“मगाशी कुठं गेला होता?”

“कोण, पुनवसू?”

“मत्सर.”

धनमित्रानं मांडीवरच्या बांधाकडे पाहिलं. थेर पुढच्या भिक्खूकडे वळले आणि त्याला दोऱ्याच्या गाठीवरून रागे भरू लागले.

दुपारी चीवर कढईत बुडवलं, पिळलं, कातळावर पसरलं. आश्विनातलं ऊन. सूर्य डोंगराला टेकायच्या आत ते खडखडीत वाळलं.

मग सगळे सभामंडपात जमले. थेरांनी चीवर पुनवसूच्या हातावर ठेवलं. एकेक भिक्खू पुढे आला, चीवराला हात लावून म्हणाला, “अनुमोदन करतो,” आणि जागेवर जाऊन बसला. कुणी मनापासून म्हटलं, कुणी रिवाज म्हणून. एक म्हातारा भिक्खू तर जांभई देत देत म्हणाला.

धनमित्राची पाळी आली.

तो पुढे गेला. उभा राहिला.

चीवरावर हात मात्र ठेवेना.

“म्हण,” थेर म्हणाले.

“खोटं होईल, भन्ते.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “अजून टोचतंय. सकाळपेक्षा कमी, पण आहे.”

कुजबुज झाली. जांभई देणाऱ्या म्हाताऱ्याची झोप पार उडाली. पुनवसूला काहीच उमगलं नाही. तो एकदा धनमित्राकडे, एकदा थेरांकडे बघत राहिला.

“ठीक,” थेर म्हणाले. “पुनवसू, चीवर अंगावर घे.”

पुनवसूनं जुनं उतरवलं, नवं पांघरलं. पाच वर्षं त्यानं दुसऱ्यांनी टाकलेल्या चिंध्या जोडून वापरल्या होत्या. खांद्यावरून पदर घेताना त्याचा हात मधल्या बांधावर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं बोट फिरवलं. परत फिरवलं.

“भन्ते, ही शिवण हाताला लागतच नाही,” तो म्हणाला. “कुणी घातली?”

 बऱ्याच नजरा धनमित्राकडे वळल्या.

“तुम्ही?” पुनवसूचा चेहरा फुलला. “भन्ते, तुमच्या हातात एवढं कसब आहे, मला पत्ताच नव्हता! अहो, हा कोपरा बघा…” तो पलीकडच्या भिक्खूपाशी गेला. “इथं कापड तिरकं होतं, तर बांध कसा वळवलाय बघा. कळतं तरी का? तुम्ही बघा. तुम्हीही बघा.”

पदर हातात धरून तो एकेकापुढे वाकत होता, बांध दाखवत होता. चीवर आपल्याला मिळालंय, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. धनमित्राचा हात किती चांगला चालतो, याचाच त्याला आनंद झाला होता. तो आनंद त्याच्यानं लपवला जात नव्हता.

धनमित्र बघत राहिला. आधी त्याला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. पण पुनवसूचा तो चेहरा बघता बघता लाजही टिकेना.

पुनवसू अंगानं ठेंगणा. चीवराचा खालचा काठ लोळत होता. वळताना तो पायाखाली आला आणि पुनवसू अडखळला.

“अरे, थांब! पडशील!”

धनमित्र कधी पुढे धावला, कधी त्याच्या पायाशी बसला, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं काठ वर घेतला, कमरेशी नीट खोचून दिला, खांद्यावरची चुणी सारखी केली. मागं सरून पाहिलं. पुन्हा पुढे होऊन डावीकडचा पदर चार बोटं खाली ओढला.

“शोभतं तुला,” तो म्हणाला.

खरंच शोभत होतं. धनमित्र हसत होता. छातीत काही टोचतंय का, हे बघायचंही त्याला सुचलं नाही.

मग सगळे आपल्याकडे बघताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. आपला हात अजून चीवरावर आहे, हेही ध्यानात आलं.

“मी…” तो म्हणाला. “भन्ते, मी अनुमो…” 

“असू दे, झालं ते,” म्हणत थेर उठले. गुडघे कुरकुरले, त्यांनी खांबाचा आधार घेतला.

“धनमित्रा, सकाळी जायची परवानगी मागत होतास ना?”

“हो, भन्ते.”

“दिली.”