काळे ठिपके

"मग हे काळे ठिपके गेले कुठे?"

मेमे छुलतिम यांनी लॅपटॉपवरच्या दोन चित्रांवर आळीपाळीनं बोट ठेवलं. लडाखातल्या झंस्कार खोऱ्यातल्या गोम्पात, बौद्ध मठात, सत्तर हिवाळे काढलेला हा लामा. सारं खोरं त्यांना मेमे, म्हणजे आजोबा म्हणे.

डॉ. चिन्मय घैसास पुण्याहून आले होते. हवामानाच्या मॉडेलात बर्फ मांडण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्यांचं ठाम मत.

"ते? उपग्रहाची चूक, मेमे. एप्रिलात इथं सगळं पांढरंच असणार. पुसून टाकले."

"असणार... की असतं?"

"मॉडेल तसं सांगतं. पृथ्वीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला बर्फाचा एक आकडा. तुमच्या चौकोनातला बर्फ मेअखेरपर्यंत हटत नाही. म्हणजे जवाची पेरणी अशक्य. सरकारला कळवतोय, चाळीस घरं खाली हलवा."

कागदावर गाव उठवायला एक ओळ पुरते.

"आणि आजवर आम्ही काय खाल्लं?"

घैसासांनी लॅपटॉप मिटला. हाच काटा सलत होता, नाहीतर एवढा घाट चढून कोण येतं!

"तेच कळत नाही, मेमे. उंची घातली, उतार घातला, वारा घातला... तरी उत्तर जुळत नाही."

"चल."

खाली शेतांवर गुडघाभर बर्फ होता. पाठीला टोपल्या बांधलेल्या बाया ओळीनं चालत होत्या आणि मुठीमुठीनं काळसर माती बर्फावर उधळत होत्या. हिवाळ्याआधी घरात साठवलेली माती.

परवा माती पडलेल्या शेतातला बर्फ खचला होता. मधूनमधून ओली जमीन डोकावत होती. शेजारचं पांढरंफटक, ढिम्म.

घैसास उकिडवे बसले. त्यांनी बर्फाला हात लावला.

"हेच ते ठिपके! काळा रंग ऊन पितो... अहो, हे तर मी शाळेत शिकलोय!"

"पाहुणा डॉक्टर आहे ना?" एक बाई खिदळली. "बघा, बर्फाची नाडी बघतोय!"

घैसास ताडकन उठले. "मेमे, एका शेताला टोपल्या किती? कुठल्या दिवशी? सांगा, आत्ता मॉडेलात घालतो!"

"तुझ्या चौकोनात डोंगर आहे?"

"आहे."

"वारा?"

"आहे की."

"माणसं?"

"मेमे, बर्फाच्या मॉडेलात माणसं... नसतात."

मेमेंनी टोपल्या वाहणाऱ्या बायांकडे बोट दाखवलं.

"मग गाव सोडा, असं सांगतोस कुणाला?"