रुईची नवरी

इनामदार रंगराव तिसऱ्यांदा बाशिंग बांधून उभे राहिले. पहिल्या बायकोला त्यांनी वांझ म्हणून हाकललं होतं, आता तोच शिक्का दुसरीवर, मथुरेवर, मारला होता. तिसरं लग्न अशुभ, म्हणून रीतीप्रमाणे भटजींनी आधी त्यांचं लग्न देवळामागच्या रुईच्या झाडाशी लावलं. खरी नवरी बापाशेजारी खाली मान घालून उभी होती.

"मथुरे, अक्षता टाक!" इनामदार गुरकावले.

मथुरेचं डोकंच फिरलं. तिने मूठभर अक्षता रुईवर भिरकावल्या.

"झालं की लग्न! आता त्या पोरीला घरी जाऊ द्या. वैद्याची चाटणं चाटूनही चार वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपलात. तेवढ्याला ही रुई पुरे. आणि हिला वांझ म्हणून हाकलावंही लागणार नाही!"

नवरीच्या बापाने लेकीच्या मुंडावळ्या सोडल्या.