आबांच्या काठीची दोरी

"…मग हिला किती नंबरची दोरी लागेल?"

नानांनी काठी पुरुषोत्तमच्या पुढ्यात आडवी ठेवली आणि ते पुन्हा बांबूची कामटी तासायला बसले.

काठी कोरी होती. ना आकडा, ना खूण.

नाना गोसावी संगमावरच्या मठीत राहत. सकाळी पूजा, आणि मग दिवसभर कामट्या जोडून मासेमारीच्या काठ्या घडवणं. शहरातली हौशी मंडळी अशा काठीला फ्लाय रॉड म्हणत, नाना नुसतं काठी म्हणत. मासा धरायचा, डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, या बोलीवरच ते काठी देत.

पुरुषोत्तम त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. ही काठी त्यानं स्वतः घडवली होती, आणि मठीचा रिवाज त्याला ठाऊक होता. शिष्याची पहिली काठी कोरी ठेवायची. तिची दोरी त्यानं ओळखली, की मुठीच्या वर त्यानंच लाल धागा गुंडाळायचा. त्या दिवसापासून तो कारागीर. नाही ओळखली, तर धागा परत देव्हाऱ्यात आणि शिष्य परत कामट्यांच्या ढिगापाशी.

या मासेमारीत गळाला वजन नसतं. पिसाचा एवढासा खोटा किडा तो! वजन असतं ते दोरीला. दोरी हलकी पडली तर काठी जागी होत नाही, जड पडली तर दमून जाते. म्हणून हलक्या दोरीला लहान आकडा, जड दोरीला मोठा.

"दुपारच्या आत सांगतो," पुरुषोत्तम म्हणाला.

"घाई नाही."

"मला आहे."

नानांनी कामटी उलटवून दुसरी कड तासायला घेतली.

त्या दिवशी एकादशी होती. पुरुषोत्तमची निर्जळी. चैत्राचं ऊन चढत होतं, तरी सकाळपासून पाण्याचा थेंब त्याच्या घशाखाली गेला नव्हता, आणि ते सगळ्यांना कळेल अशा बेतानं तो वावरत होता.

ओसरीवर आबा खोपकर बसले होते. एके काळचे जंगलखात्यातले रेंजर. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात कोपरातून नीट उचलला जात नव्हता. पहाटेच्या एसटीनं आले होते आणि दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते.

"आबा, एकादशीला चहा? बिस्किटंसुद्धा?" पुरुषोत्तम हसला. "देव बघतोय बरं का."

"बघू दे की. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मला गरगरतं, ते काय तो बघत नाही?"

"त्यांची एकादशी मी धरलीय आज," इंदूकाकू आतून म्हणाल्या. नानांच्या त्या पत्नी. "माझी एक, त्यांची एक. तू आपली काठी बघ."

"असं दुसऱ्याचं धरता येतं काकू?"

"देवाला विचारून धरलीय. तो नाही म्हणाला नाही."

पुरुषोत्तमनं मान हलवली आणि कामाला लागला. काठीची मूठ त्यानं पारावर फळीखाली घट्ट दाबून बसवली. शेंड्याला चिमुकली कापडी पुरचुंडी बांधली. तिच्यात भरायला तांदूळ मागितले, तर काकू गरजल्या, "आज तांदळाच्या डब्याला हात नाही लावायचा!"

मग साबुदाणा मिळाला.

चिमूट चिमूट साबुदाणा पडत गेला, तसा शेंडा लवत गेला. नेमका लांबीच्या एक तृतीयांश झुकला तसा पुरुषोत्तम थांबला. साबुदाणा तराजूत घातला. किती वजनाला किती नंबर, ते कोष्टक त्याला तोंडपाठ होतं.

पाच.

तरी खातरजमा हवी. त्यानं पाच नंबरची दोरी ओवली आणि टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधला, कारण एकादशीला संगमात गळ टाकायचा नाही, हा काकूंचा दंडक. घाटाच्या पायरीवर उभं राहून त्यानं हात मागे नेला, क्षणभर थांबला, आणि पुढे आणला.

दोरी हवेत उलगडत गेली. गोंडा नदीच्या पार मधोमध जाऊन टेकला. पाण्याला कळलंसुद्धा नाही.

"वा रे वा!" आबा ओसरीवरून ओरडले.

पुरुषोत्तमनं मागे वळून पाहिलं. "पाच, नाना. यात शंकाच नको."

नानांनी तासणं थांबवलं. काठी हातात घेतली, हलवली.

"माप बरोबर आहे."

"मग धागा आणू?"

नाना ओसरीकडे वळले. "या आबा. तुमची काठी आली."

पुरुषोत्तमचा चेहरा उतरला. ही काठी कुणाची, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

आबा पायरी पायरीनं खाली आले. काठीवरून डावा हात फिरवला, ती कपाळाला लावली, मग उजव्या हातात धरली. टाकली.

दोरी त्यांच्याच पायाशी ढीग होऊन पडली.

पुन्हा टाकली. पुन्हा ढीग.

आबा हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "काठी झकास आहे रे पोरा. हातच मेलाय माझा. घरचे म्हणतच होते, आता पुरे करा नदी. मला वाटलं, एकदा शेवटचं बघून यावं…"

त्यांनी काठी परत करायला पुढे केली.

"आबांनी थोडा जोर लावला ना, तर जाईल," पुरुषोत्तम म्हणाला.

नाना उठले. खांद्यावरचा पंचा काढला, आणि पुरुषोत्तमचं उजवं कोपर त्याच्याच बरगडीशी गच्च बांधून टाकलं.

"हं. लाव जोर."

पुरुषोत्तमनं टाकली. मनगटाचा झटका दिला, दातओठ खाल्ले.

दोरी पायाशी.

पुन्हा टाकली… काठी हातात मख्ख होती, जणू ती त्यानं घडवलेलीच नव्हती.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आबा पायरीवर बसले होते, नदीकडे पाहत. नाना कामटी तासत होते. खर्र… खर्र…

पुरुषोत्तमनं पाच नंबरची दोरी काढून ठेवली. मग तो आत गेला. बांधल्या हातानंच त्यानं दोऱ्यांचं खोकं उघडलं, एका आकड्यानं जड, सहा नंबरची काढली, डाव्या हातानं आणि दातांनी धडपडत ओवली. मदत कुणी केली नाही, त्यानं मागितलीही नाही.

टाकली.

या वेळी काठी सावकाश वाकली. तिच्यात काहीतरी भरून आल्यासारखं वाटलं. तो थांबला. तिनंच दोरी पुढे नेली.

फार लांब नाही. पण सरळ.

पंचा सोडायचंही न सुचून त्यानं काठी आबांच्या हातात दिली. "आबा, जोर नका लावू. ती वाकेपर्यंत फक्त थांबा."

आबा थांबले.

गोंडा काठाजवळच्या डोहावर जाऊन टेकला. पाण्यावर एक वलय उठलं. खालून कुणीतरी वर येऊन लोकर हुंगून गेलं होतं.

आबांनी सदऱ्याच्या बाहीनंच डोळे पुसले. "इंदूवहिनी… पाहिलंत का?"

"पाहिलं हो भाऊजी," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

नानांनी पुरुषोत्तमच्या कोपराची गाठ सोडली.

"नाना, म्हणजे पाच चूक होतं?"

"नाही."

"मग सहा खरं?"

नाना पंचा झटकत राहिले.

"मग काठीवर लिहू काय?"

नाना देव्हाऱ्यापाशी गेले. लाल धाग्याचं रीळ आणून त्यांनी पुरुषोत्तमच्या तळहातावर ठेवलं.

"लिहू नकोस. गुंडाळ."

पुरुषोत्तम ओसरीवर बसला. ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो आला होता. पण धाग्याचं टोक काही काठीला टेकेना. घशाला कोरड, डोळ्यांपुढे काजवे, आणि बोटं अशी थरथरत होती, की वेढा बसायच्या आत सुटून जाई. एकदा सुटला. पुन्हा सुटला.

समोर आबा बसले होते. काकूंनी त्यांना ताजा चहा आणून दिला होता. ते पुरुषोत्तमच्या बोटांकडे पाहत राहिले. अशी थरथर त्यांच्या ओळखीची होती.

त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला, आणि चहा सांडत सांडत त्याच्यापुढे धरला.

"अहो आबा, माझी निर्जळी आहे…"

आबांनी कप मागे घेतला नाही.

पुरुषोत्तमनं नानांकडे पाहिलं.

नानांनी कामटी उन्हाकडे धरली, एक डोळा मिटून तिची कड न्याहाळली.

"घे, पुरुषा. किती नंबरचा, ते विचारू नकोस."