ठकूची कडी आणि बिनझोपेचा राक्षस

पाय आत घ्या बरं आधी. एकमेकांचं पांघरूण ओढायचं नाही. हं, आता ऐका.

एक होती ठकू. तिचे आबा होते रावजी जादूगार. दोघं बापलेक गावोगाव जायचे आणि कडी-दोरीचा खेळ करायचे. खेळ काय, तर दोरीत कडी ओवायची, वर गाठ मारायची. बघणाऱ्यांतल्याच कुणाच्या तरी हातात दोरीची दोन्ही टोकं द्यायची. मग वर फडकं टाकायचं, आणि छू! कडी जादूगाराच्या हातात, आणि दोरी अख्खीच्या अख्खी! कशी निघते म्हणता? मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही.

एकदा काय झालं, आबा एकटेच निघाले आणि घाटातल्या राक्षसानं त्यांना धरलं. बाकीचे राक्षस कसे, एकदा झोपले की बारा वर्षं उठत नाहीत. पण हा जन्मात कधी झोपलाच नव्हता, बरं का. डोळे सताड उघडे. वेळ म्हणून जाईना मेल्याचा. मग त्यानं आबांना उचललं, वडाखाली नेलं, आणि म्हणाला, "दाखव जादू!" आबांनी कडी काढली मात्र, राक्षसाला वाटलं कडबोळंच आहे. गिळली की त्यानं! दोरी दिसली, ती शेवई म्हणून ओढली. झालं, सामानच संपलं. आता खेळ कशाचा दाखवणार? राक्षस चिडला. वडाच्या पारंब्या भराभर विणल्या गेल्या, त्यांचा पिंजरा झाला, आणि आबा आत.

बातमी कळली तशी ठकू धापा टाकत घाटात आली. "राक्षसकाका, माझ्या आबांना सोडा!"

"सोडीन की," राक्षस म्हणाला. "या पारंब्या माझ्या शब्दातल्या. मी 'सूट' म्हटलं की सुटतात. पण आधी मला पुरता खेळ दाखव. तीनदा बघीन. एकदा जरी मला युक्ती दिसली नाही, तर तू जिंकलीस. तिन्ही वेळा दिसली, तर तूपण आत!"

ठकू घाबरली का? घाबरली. पण हात कसे शिवशिवायला लागले तिचे! खेळ तिला येत होता ना. नव्हतं ते सामान.

ती पळत गेली पाटलीणबाईंकडे. पाटलीणबाई मनानं मोठ्या. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि एक रेशमी गोफ दिला. ठकू हरखली. राक्षसाचे डोळे दिपतील, म्हणाली. घाटात जाऊन खेळ मांडला, तर झालंही तसंच. पण सोन्यावरून कुणाची नजर हलते का? राक्षस पापणीसुद्धा न लववता त्या कड्याकडे बघत बसला. त्यात रेशीम पडलं गुळगुळीत. गाठ आपली आपणच सुटली आणि कडं दगडावर पडलं, टण्ण! राक्षस हसला तेव्हा वडावरचे सगळे कावळे उडाले.

मग ठकूनं ठरवलं, सोनंबिनं नको, साधं लोखंड बरं. शेजारच्या म्हाळसाकाकूंकडे गेली. म्हाळसाकाकूंना ऐकू यायचं कमी. ठकू ओरडली, "काकू, कडी द्या हो, कडी!" काकूंनी काय दिलं असेल? वाटीभर कढी! गरम, कढीपत्ता घातलेली. हसू नका, पांघरूण सरकतंय. ठकूनं ती उभ्या उभ्याच प्यायली, आणि घरी येऊन आपल्याच दाराची कडी काढली. विहिरीवरून काथ्याची दोरी आणली. आणि सुटली घाटाकडे.

पण काथ्या तो काथ्या. वाकवला तसा राहतो, ऐकत नाही. फडक्याखाली दोरीचा वेढा उभाच राहिला, मांजराच्या शेपटीसारखा. राक्षसानं बोट लावून दाखवलं, "इथून काढतेस तू कडी!" हरली ठकू. इकडे घराला कडी नाही, दार सताड उघडं, कुत्रं आत शिरलं आणि भाकऱ्या घेऊन गेलं. आई कशी रागावली असेल बघा.

आता उरला एकच खेळ. पारंब्यांतून आबा म्हणाले, "ठके, चमकणारं नको आणि ताठणारंही नको. हातात मुरलेलं आण."

हातात मुरलेलं! ठकू वाटभर तेच म्हणत आली. घरी येऊन तिनं गाईचं दावं चाचपलं, आईच्या लुगड्याचा काठ चाचपला. छे! मग माळ्यावर चढली. तिथं धूळ खात पडला होता पाळणा. तिचा स्वतःचा, लहानपणीचा. त्याला पितळेची कडी, झिजून झिजून आतून लोण्यासारखी झालेली. आणि ओढायची सुती दोरी, आईच्या हातानं मऊ पडलेली. ठकूनं गाठ मारून बघितली, बसली! ओढून बघितली, सुटली! ती माळ्यावरच नाचायला लागली.

आई खालून म्हणाली, "अगं, रिकामा पाळणा हलवू नये!"

"हलवत नाही गं आई, त्याची कडी-दोरी नेते आहे!"

आईनं दोरी हातात घेतली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "या दोरीनं तुला निजवलंय बाई. घेऊन ये तुझ्या आबांना."

गेली ठकू. राक्षस वाटच बघत होता. तिनं कडी ओवली, गाठ मारली, दोन टोकं राक्षसाच्या दोन मुठींत दिली. आणि गंमत ऐका! पाळण्याची दोरी ती. हातात आली की हात आपोआप झोका देतो. राक्षसाचा हात हलायला लागला. पुढे, मागे. पुढे, मागे. पण डोळे अजून उघडे होते बरं का, चांगले टक्क. ठकूनं फडकं टाकलं, बोटं आत घातली, आणि छू! कडी तिच्या तळहातावर!

राक्षसानं दोरी उलटी केली, सुलटी केली. "नाही कळलं," तो म्हणाला. "खरंच नाही कळलं! पोरी, जिंकलीस तू!" आणि त्यानं जांभई दिली. जन्मातली पहिली जांभई! त्याचा हात हलतच होता. पुढे, मागे. डोळे मिटायला लागले.

आबा आतून ओरडले, "ठके, हा निजला तर बारा वर्षं उठायचा नाही! आणि 'सूट' कोण म्हणणार?"

"राक्षसकाका, झोपू नका! आधी म्हणा, सूट!"

"सु..." राक्षस म्हणाला, आणि मान खाली!

आता काय? ठकूनं हाका मारल्या, चिमटा काढला. उपयोग नाही. मग तिला एकदम आठवलं. झोका थांबला की बाळ उठतं! तिनं दोन्ही हातांनी दोरी धरली आणि झोका थांबवला.

राक्षसानं डोळे उघडले, ओठ काढले, आणि भोकाडच पसरलं. "थांबवू नकोस ना गं! मला कुणी कधी पाळण्यात घातलंच नाही!"

ठकूला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तिनं दोरी सोडली नाही. "आधी सूट म्हणा. मग मी देते झोका. शप्पथ."

"सूट!" राक्षस म्हणाला. सळसळ सळसळ पारंब्या सुटल्या आणि आबा बाहेर!

मग ठकूनं आपला शब्द पाळला. त्याच पारंब्यांचा भला थोरला पाळणा केला, त्याला कडी अडकवली, दोरी बांधली, आणि राक्षस निजेपर्यंत झोके दिले. दोरीचं टोक बांधलं फांदीला. वारा आला की फांदी हलते आणि झोका मिळतो. घरी आईनं विचारलं, "कडी-दोरी कुठंय?" ठकू म्हणाली, "तिथंच ठेवली. आता रिकामा नाही गं आपला पाळणा." आई हसली. म्हाळसाकाकूंनी पातेलंभर कढी आणली, सगळे पोटभर कढीभात जेवले, आणि घाटातून माणसं बिनघोर जायला-यायला लागली.

झाली गोष्ट. आता मी तुमच्या पाठीवर थोपटायचं थांबवते हं. बघू कोण डोळे उघडतं ते.

कुणीच नाही? निजा मग, बाळांनो.