अडीच घटकांची घागर

एका राज्यात वेळ पाण्यात मोजत असत. राजवाड्याच्या दारात दगडी चौथरा, चौथऱ्यावर पाण्याने भरलेलं घंगाळ आणि घंगाळात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला मोहरीएवढं भोक. त्या भोकातून पाणी आत यायचं, वाटी हळूहळू भरायची आणि भरली की अलगद बुडायची. म्हणजे एक घटका झाली. घटका मोजून पहारेकरी काशाच्या थाळीवर टोले द्यायचा. त्या टोल्यांवर ते राज्य उठायचं, जेवायचं आणि निजायचं.

राजाचं नाव मेघकेतू. राजा भला, पण उतावळा. एका वसंतात त्याने पाहिलं, सूर्य डोंगरावर चढून आला तरी उठवणीची थाळी वाजलेली नाही आणि प्रजा अंथरुणात आहे. एवढं सोन्यासारखं ऊन वाया जातं, हे त्याच्या मनाला लागलं. त्याने कालकंठ नावाच्या जादूगाराला बोलावलं.

"उन्हाळाभर थाळी अडीच घटका आधी वाजली पाहिजे."

"वाजेल, महाराज. पण मधल्या अडीच घटका मी घेऊन जाईन."

"घेऊन जा," राजा म्हणाला. अडीच घटकांचं ओझं ते काय!

पौर्णिमेची संध्याकाळ होती. कालकंठाने चांदीची कात्री काढली आणि सूर्य मावळतो तिथून अडीच घटका संध्याकाळ एका झटक्यात कापली. निळी, ओलसर, रेशमी अशी ती त्याच्या हातावर पडली. तिची घडी करून त्याने ती तांब्याच्या घागरीत कोंबली, तोंड मेणाने बंद केलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राज्य अडीच घटका आधी उठलं. मोठी माणसं दोन दिवस जांभया देत हिंडली, तिसऱ्या दिवशी रुळली. मुलं मात्र रुळली नाहीत.

राजकन्येचं नाव इंदुलेखा. चार वर्षांची पोर. तिला सांभाळणारी दाई तुळजा, राज्याच्या जुन्या घटकावाल्याची लेक. निजेची थाळी वाजली की तुळजा इंदूला अंथरुणावर घ्यायची, तेव्हा भिंतीवर ऊन असायचं.

"तुळजाआई, चिमण्या अजून बाहेर आहेत. मग मीच का आत?"

तुळजा तिचं पांघरूण सारखं करी. ती थोपटत राही. इंदूची पापणी मिटे आणि दचकून उघडे. दिवे लागत, दिवे विझत, पण पोरीला झोप येत नसे. सकाळी थाळी वाजली की ती रडत उठे आणि भर दुपारी पायरीवरच मान टाके. गावात घरोघरी हेच चाललं होतं.

नवव्या दिवशी सकाळी इंदू अंगणात उभी होती. तुळजाने तिच्या पायांपाशी पाहिलं आणि हातातलं दुधाचं भांडं खाली पडलं. पोरीची सावली मलमलीसारखी विरळ झाली होती. तिच्यातून फरशीचे सांधे दिसत होते.

ती तशीच राजाकडे गेली. "महाराज, न निजलेल्या मुलाची सावली झिजते आहे. सावली संपली की मूल धुक्यासारखं होईल. दिसेल, पण धरता येणार नाही."

"सवय होईल, दाई."

"मोठ्यांना झाली, महाराज."

राजाने खिडकीतून अंगणात पाहिलं.

त्या संध्याकाळी तुळजा गच्चीवर बसली होती. कठड्यावर एक रातवा येऊन बसला. वाळक्या पानांच्या रंगाचा तो पक्षी माणसासारखा बोलला.

"बाई, निद्रेची वाट संध्याकाळवरून जाते. मोठी माणसं उठून तिला सामोरी जातात. लहान मुलांपाशी तिला स्वतः चालत यावं लागतं. त्या वाटेचाच तुकडा कापला गेला. ती रोज पलीकडच्या काठावर येऊन उभी राहते. मी रोज तिला पाहतो."

तुळजा उठून कठड्यापाशी आली. "घागर कुठे आहे?"

"जिथे सूर्य मावळत नाही त्या दरीत. तीन गोष्टी कराव्या लागतील. भर उन्हात अंधार करायचा. घागरीच्या राखणदाराला निजवायचं. तिसरी गोष्ट मला ठाऊक नाही. ती वेळेवर तुझी तुलाच कळेल. पण पुढच्या पौर्णिमेच्या आत, कारण सावल्या तेवढ्याच पुरतील."

तुळजाने आजीच्या हातची काळी घोंगडी घेतली, तिळाच्या तेलाची बुधली घेतली आणि वडिलांची जुनी वाटी कनवटीला लावली.

"तलवार नाही घेत?" रातव्याने विचारलं.

"निजवायचंच आहे ना? मग तलवार कशाला?"

रातवा पुढे उडाला, ती मागून चालली. तीन दिवस चालून ती त्या दरीत उतरली. तिथे सूर्य आभाळाच्या मधोमध खिळल्यासारखा उभा होता. तिथली कमळं कधी मिटली नव्हती, तिथल्या हरिणांनी कधी डोळे झाकले नव्हते. दरीच्या तळाशी घागरीचा राखणदार बसला होता. तो डोंगराएवढा होता, आणि ते एक तान्हं मूल होतं.

ते रडत होतं. त्याच्या रडण्याने कड्यांवरचे दगड सुटत होते. आसवांचा ओढा वाहत होता. त्याच्या वळलेल्या मुठीत घागर होती, आणि पायाच्या अंगठ्यापाशी कालकंठ बसला होता. दाढी विस्कटलेली, डोळे लाल.

"परत जा, म्हातारे. ही घागर मिळायची नाही."

"किती दिवस निजलं नाही लेकरू?"

जादूगाराने मान खाली घातली. "जन्मल्यापासून. या दरीत संध्याकाळच होत नाही. म्हणून मी माझ्या लेकरासाठी संध्याकाळ आणली. मुठीत दिली. तरी निजत नाही."

"निजवायला रोज करतोस तरी काय?"

"परवा मोर नाचवले. काल तारे तोडून दाखवले. आज समुद्र आणणार आहे."

"अरे बाबा," तुळजा म्हणाली, "एवढी जत्रा सोडून ते निजेल कशाला? सरक जरा."

तिने घोंगडी झटकली. ती घोंगडी अशी होती की मूल जेवढं, तेवढी ती व्हायची. ती वाढत गेली, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत पसरली आणि भर उन्हात खाली काळोख झाला. मिटणं माहीत नसलेली कमळं हळूच मिटली. हरिणं होती तिथे बसली. पहिली गोष्ट झाली.

मग तिने बुधली उघडली आणि मुलाच्या तळपायाला तेल लावायला घेतलं. तळपाय वावराएवढा. ती टाचेपासून निघाली आणि बोटांपाशी पोचेपर्यंत तिची पाठ भरून आली. मग बसून तिने गाणं म्हटलं. इंदूला म्हणायची तेच.

"गाय आली गोठ्यात, मासा गेला डोहात,
पान मिटे वेलीवर, बाळ निजे मोहात."

"पुन्हा," मूल म्हणालं. दरीभर आवाज घुमला.

तिने पुन्हा म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मूल रडतच राहिलं.

"पाहिलंस?" कालकंठ म्हणाला. "आता काहीतरी नवं करून पाहा."

"नवं काही करायचं नाही. हेच करायचं."

तिने घोंगडी काढून ऊन येऊ दिलं. ओढ्यात वडिलांची वाटी सोडली आणि साठ वेळा वाटी भरून बुडू दिली. एक दिवस झाला. मग नेमक्या त्याच घटकेला पुन्हा घोंगडी, पुन्हा तेल, पुन्हा तेच गाणं. त्या दिवशी मूल नुसतं मुसमुसलं. तिसऱ्या दिवशी तिने घोंगडीला हात लावला, तोच मुलाने जांभई दिली. त्या जांभईच्या वाऱ्याने रातवा दूर कड्यावर जाऊन आदळला. गाणं संपायच्या आत मूल निजलं. मूठ उघडली आणि घागर गवतावर घरंगळली. दुसरी गोष्ट झाली.

कालकंठ किती तरी वेळ निजलेल्या मुलाकडे बघत राहिला. ते इतकं शांत असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"घेऊन जा घागर," तो म्हणाला. "पण मी काय करू?"

"घोंगडी इथेच ठेवते. बुडाला भोक पाडून अशीच एक वाटी करून घे. रोज त्याच घटकेला घोंगडी टाकायची, आणि मोर नाचवायचे नाहीत."

तुळजा राज्यात परतली तेव्हा पौर्णिमेला अकरा दिवस उरले होते. राजा राजवाड्याच्या दारातच, चौथऱ्यापाशी उभा होता. त्याच्या एका हातात लोखंडी घण होता, दुसऱ्या हाताने त्याने इंदूला उराशी धरलं होतं. तुळजाने जमिनीकडे पाहिलं. पोरीची सावली केसाएवढी उरली होती.

"ठेव ती घागर खाली. आत्ताच्या आत्ता फोडतो."

घागरीच्या आत संध्याकाळ हेलकावत होती. ती एका झटक्यात सांडली तर पूर येईल, आणि काठावर उभी असलेली निद्रा आणखी मागे सरेल. तुळजाला तिसरी गोष्ट कळली, संध्याकाळ थेंबाथेंबाने सोडायची. तिने घागर पोटाशी घट्ट धरली.

"नाही, महाराज."

चौथऱ्यावरचा पहारेकरी वळून बघू लागला. या राज्यात राजाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

"तिची सावली पाहिलीस?"

"पाहिली. म्हणूनच म्हणते. एक करा, महाराज. घंगाळातली वाटी बोटाने दाबा."

राजाने घण खाली ठेवला आणि वाटी दाबली. ती लगेच बुडाली. पहारेकऱ्याने सवयीने मोगरी उचलली, सूर्याकडे पाहिलं आणि हात तसाच थांबवला.

"का थांबलास?" राजाने विचारलं.

"वाटी बुडाली, महाराज. घटका झाली नाही."

राजा पाण्याच्या तळाशी गेलेल्या वाटीकडे बघत राहिला. मग त्याने इंदूला तुळजाच्या कडेवर दिलं. "तुला हवं तसं कर, दाई. मला काही येत नाही यातलं."

त्या संध्याकाळी तुळजाने थाळीकडे लक्ष दिलं नाही. पूर्वी निजायची त्या वेळेच्या थोडंसं आधी तिने इंदूला घेतलं. खिडक्यांवर जाड पडदे सोडले, समया मंद केल्या, कोमट दूध पाजलं, तळपायाला तेल लावलं, गाणं म्हटलं. मग घागरीतली वाटीभर संध्याकाळ वडिलांच्या वाटीत घेतली आणि बुडाच्या भोकातून अंगणात थेंब थेंब गळू दिली. निळा ओघळ फरशीवरून वेशीकडे सरकत गेला. पलीकडच्या काठावर निद्रेने एक पाऊल टाकलं. इंदू त्या रात्री थोडी निजली.

दुसऱ्या संध्याकाळी आणखी थोडं आधी, आणि आणखी एक वाटी. घागरीत अशा दहाच वाट्या होत्या, एकेक पाव घटकेची. राजाच्या आज्ञेने घरोघरी तसंच होऊ लागलं. राज्यात कुणी घाई केली नाही. चौथ्या दिवशी कुंभाराचा मुलगा पुन्हा रात्रभर जागला, तेव्हा लोक घाबरले. तुळजा म्हणाली, "एखादा दिवस असा जायचाच. उद्या तेच करा." राजा रोज अंगणात यायचा, लेकीच्या पायांपाशी वाकून बघायचा आणि परत जायचा.

दहाव्या संध्याकाळी शेवटचा थेंब पडला तेव्हाच निजेची थाळी वाजली. दोन्ही वेळा जुळल्या. समयांच्या ज्योती सगळ्या एकाच बाजूला कलल्या. वेशीतून अंगणात ओली पावलं उमटत आली. चालणारं कुणी दिसत नव्हतं, नुसती पावलं. चौकात येऊन ती वाटली गेली आणि जितक्या घरांत मुलं होती तितक्या उंबऱ्यांकडे वळली. एक पाऊल तुळजाच्या अगदी जवळून गेलं. तिने नकळत हात जोडले.

"तुळजाआई, चिमण्या?" इंदूने डोळे मिटतच विचारलं.

"निजल्या."

"मग मीही."

पौर्णिमेच्या सकाळी राजकन्या आपणहून उठली आणि अंगणात धावली. तिच्या पायांपाशी काळीभोर सावली होती, आणि तीही धावत होती.

राजाने ऊन सोडलं नाही, थाळी उन्हाळाभर लवकरच वाजत राहिली. पण त्याने चौथऱ्यावर आज्ञा कोरून घेतली, की ऋतू पालटेल तेव्हा थाळी रोज पाव घटकाच सरकवावी, दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत कुणीही कुणा मुलावर रागावू नये. कालकंठाची मागे राहिलेली कात्री त्याने विहिरीत टाकवली. तुळजाला त्याने काय हवं ते माग म्हटलं. तिने एक दुपार मागितली आणि ती दुपारभर निजली.

तिकडे सूर्य न मावळणाऱ्या दरीत, ठरल्या घटकेला, डोंगराएवढं मूल घोंगडीखाली कूस बदलतं, आणि त्याचा बाप श्वास धरून बसून राहतो. त्या लेकरांकडे जशी निद्रा वाट चालत आली, तशी ती तुमच्या-आमच्या उंबऱ्याशी, वेळेवर आणि ओल्या पावलांनी येवो.