न पडणारा कौल

ही गोष्ट परक्याला सांगायची नाही, असं आमच्या घरात लहानपणापासून बजावलेलं आहे. पण तुम्ही एवढा घाट चढून आलात, काळकाईच्या या पाषाणापुढे बसलात आणि विचारलंत, की सगळा डोंगर उघडाबोडका असताना ही एवढीच राई कशी राहिली. इथे बसून खोटं बोलवत नाही. म्हणून सांगते. खाली गावात मात्र बोलू नका.

फार पूर्वी एका चैत्रात शिरगळ गाव जळालं, असं सांगतात. वणवा डोंगरावरून उतरला आणि वरची आळी, खालची आळी, दोन्हींची राख झाली. माणसं वाचली, पण घरं गेली आणि सावलीही गेली. काळ्या, तापलेल्या जमिनीवर राहता राहता माणसं बदलली म्हणे. पोरं झोपेनात. एका ताटात जेवलेले लोक हंड्याला हंडा लागला तरी हात उगारू लागले. राईखालच्या झऱ्यावर खालच्या आळीतल्या कोंडूनं वरच्या आळीतल्या गेनूचं डोकं घागरीनं फोडलं; गेनू मरता मरता वाचला.

गेनूचा थोरला भाऊ शिदू. कुऱ्हाड चालवण्यात गावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावाचं रक्त धुतलं त्या दिवसापासून तो कुऱ्हाडीला धार लावत होता, आणि ती धार नुसती लाकडासाठी नव्हती.

पावसाआधी घरं उभी करायची तर लाकूड हवं. हिरवं, उभं असं लाकूड फक्त काळकाईच्या राईत उरलं होतं. आतल्या ओलीमुळे आग तिला शिवली नव्हती. राई आमची, असं दोन्ही आळ्या म्हणत. एका सकाळी दोन्हीकडचे लोक कुऱ्हाडी घेऊन इथे समोरासमोर आले.

देवीची पूजा तेव्हा ठकाई नावाची म्हातारी गुरवीण करी. ती आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "तोडा की. पण आधी कौल घ्या. कौलाशिवाय देवीच्या झाडाला लोखंड लागल्याचं कधी ऐकलंय का?"

हे कुणाला नाकारता येईना. ठकाईनं पाषाणाला दोन ओल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर तोडायचं, डावी पडली तर माघारी फिरायचं. कळी पडेपर्यंत, नाहीतर दिवस मावळेपर्यंत कुणी उठायचं नाही, कुऱ्हाड मांडीवर ठेवायची.

सगळे बसले. शिदू पाषाणाच्या अगदी जवळ, समोर कोंडू.

"काय कोंडू, आज घागर नाही आणली?" शिदू म्हणाला.

"तुझ्या भावाचं डोकं लईच मऊ निघालं. घागरीला पोचासुद्धा नाही आला."

वरच्या आळीतले काहीजण अर्धे उठले.

"उठाल तर कौल मोडंल," ठकाई म्हणाली. ते बसले, पण दांड्यांवरच्या मुठी सैल झाल्या नाहीत.

ऊन चढलं. बाहेर जमीन भाजत होती आणि इथे पाठीला गारवा लागत होता. भाकऱ्या आणि पोरं घेऊन आलेल्या बायका परत गेल्याच नाहीत, तिथेच टेकल्या. पोरं पाचोळ्यावर आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. कोंडूची लहान पोर झोपेत लोळत लोळत गेनूपाशी आली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून घोरू लागली. गेनूनं पाय हलवला नाही. शिदूनं ते पाहिलं आणि नजर वळवली.

कळ्या पडेनात. दुपार कलली, ओल केव्हाच सुकली असणार, तरी पडेनात. तेव्हा शिदूला डाव्या कळीखाली एक मुंगी दिसली. ती धडपडत होती, पण तिचे पाय सुटत नव्हते. त्यानं नीट पाहिलं. दोन्ही कळ्यांखाली धावड्याच्या झाडाचा डिंक होता. उभा जन्म झाडांत काढलेला माणूस, तो फसणार नव्हता. त्यानं ठकाईकडे पाहिलं. म्हातारी त्याच्याचकडे बघत होती.

कौल खोटा आहे, एवढं म्हणायचा अवकाश होता. मग कुणाला धरबंध राहिला नसता. कुऱ्हाडी आधी झाडांवर पडल्या असत्या की माणसांवर, सांगता येत नाही.

"काय बघतोस एवढं?" कोंडूनं विचारलं.

शिदूची मूठ दांड्यावर आवळली. गेनूच्या पायावरची पोर झोपेतच कुशीवर वळली.

"काही नाही," शिदू म्हणाला. "देवी इचार करतेय."

सांज झाली. होकार मिळाला नव्हता, म्हणजे तोडता येणार नव्हतं. कोंडू म्हणाला, पण त्याचा आवाज सकाळचा नव्हता, "मग पावसात पोरं कुठं ठेवायची?"

"जळकी खोडं आतून घट्ट हाईत," तो म्हणाला. "मेढीच्या खांबांना चालतील, वाळवी पण लागायची नाही. पलीकडच्या घळीत कारवी वाचलीय. कुडाच्या भिंती घालू. दोन्ही आळ्या मिळून लागलो तर पावसाच्या आत हुईल."

कोंडूनं पोरीला गेनूच्या पायावरून उचललं. "पाय बधिर झाला असंल."

"झालाय," गेनू म्हणाला.

त्या वर्षी दोन्ही आळ्यांनी एकमेकांची घरं शाकारली, असं सांगतात. शिदूनं डिंकाचं नाव कधी काढलं नाही. पुढच्या साली पुन्हा कौल लावायची वेळ आली, तेव्हा आदल्या दिवशी मात्र तो ठकाईच्या दारात डिंकाचा एक खडा ठेवून आला. तिनं तो उचलून पदरात बांधला. आम्ही त्या शिदूच्या घरातले.

आजही ज्याला इथलं झाड तोडायचं असतं किंवा ज्यांचं भांडण मिटत नाही, त्यांना कळ्या लावून दिवसभर इथे बसवतात. कळी आजवर पडलेली नाही. लोक म्हणतात, देवी विचार करते. आणि आजही कौलाच्या आदल्या दिवशी आमच्या घरातली एक बाई कुणाला न सांगता धावड्याकडे जाते. इतकी वर्षं आजी जायची. आता तिचे गुडघे चालत नाहीत, म्हणून या वेळी तिनं कोयता माझ्या हातात दिला आणि म्हणाली, की साल किती खोल…

आई हाक मारतेय. आले गं, आले.