हिंगणवाडीच्या विहिरीत वारा उतरवणारा बाबालाल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते हिंगणवाडीत कुणी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तेव्हा गावात वीज नव्हती, एसटी फाट्यावरूनच माघारी फिरायची आणि बायका ओढ्यातले झरे उकरून प्यायचं पाणी आणायच्या. त्या फाट्यावर बाबालाल शिकलगार राहायचा. विळ्या-कोयत्यांना धार लावणं हा त्याच्या बापजाद्यांचा धंदा. बाबालालने त्याला लॉऱ्यांच्या दुरुस्तीची जोड दिली. त्याचा नुसता हात लागला की मेलेलं इंजिन खाकरून जागं व्हायचं, असं म्हणतात. एकदा तर म्हणे लांबून शिवी दिली आणि चालू झालं. ते तेवढं सोडून द्या.

गावाने विहीर खणायला घेतली होती. काम हणमा वडाराकडे होतं. हणमा आणि बाबालाल लहानपणापासूनचे जिवलग, एकाच्या घरची भाकरी दुसऱ्याच्या पोटात जायची. माती सरली, मुरूम सरला आणि खाली काळा पाषाण लागला. मग सुरुंग लावणं आलं. सुरुंग उडाला की त्याचा घाणेरडा धूर तळाशी बसून राहायचा, कारण एवढ्या खोल वारा पोचतच नव्हता. माणसं खाली उतरायची आणि डोकं धरून वर यायची. हणम्याचा धाकटा भाऊ यल्लाप्पा एकदा उतरला, तो दोराला बांधून मेलेलाच वर काढावा लागला.

गाव म्हणालं, आसरांनी त्याचा श्वास नेला. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. विहिरीच्या उगवतीला त्यांचे सात दगड मांडलेले होते आणि ठकूबाई नावाची म्हातारी त्यांची पूजा करायची. काम थांबलं. हणमा भावाची पहार उशाशी घेऊन निजू लागला.

बाबालाल त्याच्याजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "माणसं खाली अन् वारा वर. वाऱ्याला खाली न्यायला पायजे, एवढंच हाय."

"वारा काय पाटी भरून नेतोस व्हय?" हणमा म्हणाला.

गावाबाहेर कुणा साहेबाची जुनी मोटार पडून होती. तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाबालालने कोंबड्या हुसकल्या, बैल जुंपून तिचं इंजिन उपसून काढलं आणि फाट्यावर आणून उघडलं. त्याला चार सिलिंडर होते. बाबालालने त्यांची वाटणी करून दिली: दोघांनी पेट्रोल पिऊन राबायचं आणि दोघांनी नुसता श्वास घ्यायचा. श्वास घेणाऱ्या दोघांना त्याने झडपा बसवल्या. करवतीचं पातं घासून घासून पातळ केलं आणि त्यातून त्या कापल्या. एका झडपेने हवा आत घ्यायची, दुसरीने टाकीत लोटायची. टाकी लॉरीच्या ब्रेकची हवा साठवायची होती. टाकीला विहिरीच्या तळापर्यंत पोचेल एवढी रबरी नळी जोडली आणि सगळा संसार एका बैलगाडीवर चढवला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एक झडप उडाली आणि फाट्यावरच्या चिंचेत जाऊन रुतली. ती अजून तिथे आहे, असं म्हणतात. झाड तोडून बघायला कुणी तयार नाही. दुसरी झडप मात्र टिकली, तिच्यासारखीच आणखी केली, आणि त्या नळीने हवा सोडली तेव्हा समोर उभ्या असलेल्या पाटलांचा फेटा उडाला. फेटा ओढ्यापलीकडे सापडला म्हणतात. पाटलांच्या घरी विचारलंत तर ते नाही म्हणतील.

पुढे गाडी विहिरीवर नेली आणि नळी तळापर्यंत सोडली. वारा मावळतीकडून वाहत होता. बाबालालने गाडी अशी लावली की हवा ओढायचं तोंड मावळतीला आलं आणि धुराचं नळकांडं उगवतीला. ठकूबाई पूजा करून उठली तर नळकांडं थेट तिच्या सात दगडांवर रोखलेलं.

"बाबालाल, लेकरा, आयांच्या तोंडावर धूर सोडतूस?" ती म्हणाली.

बाबालाल वरमला. देवीच्या कामाला आपण कशाला आडवं जायचं, असं त्याला वाटलं. चार माणसांनी गाडी उचलून उलटी फिरवली, नळकांडं मावळतीला केलं, आणि सगळ्यांना बरं वाटलं. ठकूबाईने इंजिनाला हळदकुंकू लावलं. खाली उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची वडारांची रीत होती. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. त्या दिवशी हणमाच म्हणाला, "यंत्र हाय न्हवं, आता कंदील कशाला?" कमरेला दोर बांधून तो उतरला.

इंजिन धडधडत होतं. खालून पहारीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो सावकाश झाला आणि मग बंदच पडला.

बाबालालने हाक मारली. उत्तर आलं नाही. लोकांनी दोर ओढला, तर तो मधेच कपारीत अडकला. हवा कमी पडत असेल म्हणून बाबालालने इंजिन आणखी जोरात पळवलं. तरी खालून हूं की चूं नाही. यल्लाप्पासारखाच हणमा जाणार, आणि या वेळी आसरा नव्हे, आपणच त्याला मारणार, हे बाबालालला कळून चुकलं. नळी कुठे फुटली का, म्हणून टाकीजवळचा जोड सैल करून त्याने हवेला नाक लावलं. आतून धूर येत होता.

मावळतीचा वारा नळकांड्याचा धूर गाडीवरून परत आणत होता. इंजिन आपलाच धूर पिऊन हणम्याला पाजत होतं. जितकं जोरात पळवावं तितका जास्त.

"गाडी फिरवा," बाबालाल ओरडला. "हुती तशी करा."

कुणी हललं नाही. सगळे ठकूबाईकडे बघू लागले. पूजा झालेल्या देवीवर धूर सोडायचा म्हणजे काय होईल, कुणाला ठाऊक होतं?

ठकूबाईने दगडांना हात जोडले. मग म्हणाली, "आया हायत त्या. लेकरू खाली गुदमरतंय, अन् त्या धुराला नाक मुरडतील व्हय? फिरवा." आणि ती स्वतः चाकाला भिडली.

गाडी फिरली. धुराचा लोट सात दगडांवर गेला. ठकूबाई दगडांना पाठ लावून धुरात बसून राहिली. तिचं तोंड काळं झालं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ती उठली नाही. इकडे बाबालाल विहिरीच्या काठावर पालथा पडून खाली बघत होता.

हे किती वेळ चाललं, यावर गावात एकमत नाही. कुणी म्हणतं घटकाभर, कुणी म्हणतं सूर्य कलेपर्यंत. मधेच कुणीतरी पेट्रोलच्या टाकीत डोकावलं तर ती कोरडी ठणठणीत होती आणि इंजिन चालूच होतं, असं म्हणतात. पेट्रोलच्या नळीत उरलेल्या थेंबांवर इंजिन थोडं चालतं, असं मिस्त्री मंडळी सांगतात. थोडं म्हणजे किती, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मग खालून बारीक आवाज आला.

"बाबालाल, हायस का रं वर?"

बाबालालने तोंड उघडलं, पण शब्द निघेना. तो हमसून हमसून रडत होता. खालून पुन्हा तीच हाक आली. शेवटी ठकूबाईच काळ्या तोंडाने काठावर आली आणि खाली वाकून म्हणाली, "हाय, हितंच हाय त्यो."

हणम्याने कपारीतला दोर सोडवला आणि लोकांनी त्याला वर घेतलं. पुढच्या सुरुंगात पाणी लागलं. बाबालाल म्हातारा होऊन गेला, हणमाही गेला. इंजिन गंजून गेलं, आता त्या जागी डिझेलचं आणतात. पण दर वैशाखात हिंगणवाडीची विहीर उपसून गाळ काढतात, तेव्हा आधी वारा कुठला ते बघतात आणि मगच यंत्र लावतात. धूर आसरांवर जात असेल तर जाऊ देतात. इतर गावांत आसरांना शेंदूर असतो, इथल्या आसरा काजळीने काळ्या आहेत आणि त्यांना कुणी धूत नाही.

गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्या धुरात बसते. तळाला पोचलेला माणूस, मग तो कुठल्याही जातीचा असो, वर तोंड करून पहिली हाक बाबालालला मारतो, हायस का म्हणून. आणि काठावर उभा असलेला सगळा गाव, लहान पोरांपासून थोरांपर्यंत, खाली वाकून म्हणतो, "हाय, हितंच हाय."

त्यानंतरच खालच्या माणसाची पहिली पाटी भरते.